सोडण्याआधी बघ

पहिल्याच दिवशी मी बाईंना विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" आपल्याकडे हा प्रश्न एस्टीत शेजारी बसलेल्या माणसालाही पाच मिनिटांत विचारतात आणि त्याच्या गावात आपल्या आतेबहिणीचं सासर निघतं. बाई कृष्णवर्णीय, वय पंचाहत्तरीच्या पुढे. जमैका, फार तर त्रिनिदाद, असं उत्तर मी मनात धरून बसले होते.

"नोव्हा स्कोशिया," त्या म्हणाल्या. म्हणजे कॅनडाचाच पूर्वेकडचा प्रांत.

"नाही, म्हणजे त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीही नोव्हा स्कोशिया. दोनशे वर्षांहून जास्त." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तू कॅनडात कधी आलीस?"

"ऑगस्टमध्ये."

"आणि कुठून आलात, हे तू मला विचारतेस."

मला घाम फुटला. बाहेर उणे अकरा होतं.

मी त्यांना बाई म्हणायचे. मॅडम त्यांना चालत नसे. आंटी म्हटलं तर म्हणाल्या, मी तुझ्या कुठल्या काकाची बायको? शेवटी, आमच्या शाळेत शिक्षिकेला बाई म्हणतात असं सांगून मी तेच सुरू केलं, आणि त्यांनी ते चालवून घेतलं. त्या अर्थातच इंग्रजीत बोलायच्या. पण आठवणीत त्या माझ्याशी मराठीतच भांडतात, त्याला माझा इलाज नाही.

टोरोंटोच्या स्कारबरो भागात, दुकानांच्या एका प्लाझात वेण्या घालायच्या सलूनमागे त्यांची खोली होती. पुढे हेअर ड्रायरची घरघर आणि खोबरेल तेलाचा वास, मागे लोखंडी कपाटं आणि पुठ्ठ्याची खोकी. बाईंची वस्ती नोव्हा स्कोशियात समुद्रापासून जवळ होती. होती असंच म्हणायचं, कारण रस्ता काढायचा म्हणून ती पाडली गेली, माणसं पांगली आणि त्यातली बरीचशी टोरोंटोकडे आली. त्या माणसांच्या घराघरांतून बाई फोटो, पत्रं, चर्चची पत्रकं, शाळेचे दाखले गोळा करायच्या. एखाद्या मोठ्या संग्रहालयाला का देत नाही, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "एकाकडे आमच्या वस्तीतला फोटो आहे. खाली लिहिलंय, ‘बादली घेतलेली काळी स्त्री’. बादली बरोबर ओळखली त्यांनी."

मी तिथे गेले ते काही इतिहासाच्या प्रेमानं नव्हे. नवरा कंपनीत चिकटला होता आणि मी छत्तिसाव्या वर्षी मुलाखतींमागून मुलाखती देत होते. प्रत्येक ठिकाणी ‘कॅनेडियन एक्सपिरियन्स’ विचारायचे. कुणीतरी सुचवलं, कुठेतरी व्हॉलंटिअर कर, रेफरन्सचं पत्र मिळेल. म्हणजे माझा डोळा बाईंच्या सहीवर होता. हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं असावं, पण त्यांनी ते कधी तोंडावर मारलं नाही.

तीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली होती. निवृत्त झाल्या तरी अंगावर ड्रायव्हरचं जाकीट असायचं आणि दहा म्हणजे दहालाच दार उघडायचं. दहाला एक मिनिट कमी असताना तुम्ही बाहेर बर्फात उभे असाल, तर काचेतून तुमच्याकडे बघत त्या घड्याळाकडे बोट दाखवत. खोलीच्या मधोमध मोठं टेबल होतं आणि त्याभोवती जमिनीवर लाल टेपची चौकट. चहाचा कप, ओला कोट, ओठांवरची लिपस्टिक, कुठलंही मत, यातलं काहीही घेऊन चौकटीच्या आत यायचं नाही. कुणी पुढे झुकलं की बसमधली हाक यायची, "बिहाइंड द लाइन, प्लीज!" भले भले लोक मागे सरायचे.

त्यांचा सगळ्यात चमत्कारिक नियम नावाचा होता. फोटोमागे नाव लिहायचं ते पेन्सिलीनं, आणि दोन साक्षीदार मिळाल्याशिवाय नाही. इथवर ठीक. पण दोन्ही साक्षीदार असे हवेत की ज्यांना विचारणाऱ्याला खूश करायचं नाही. "प्रेमानं माणूस वाट्टेल ते ओळखतो," त्या म्हणायच्या. "आईला विचार, धुक्यातला मुलगा तिचाच असतो. ज्याचं तुझ्याशी वाकडं आहे, तो तुला फुकट होकार देणार नाही. त्याची साक्ष घ्यावी."

त्यामुळे शनिवारी सकाळी तिथे जी म्हातारी मंडळी जमायची, त्यांत बाईंशी धड बोलणारं जवळजवळ कुणी नसायचं. सगळ्यात वाकडे मिस्टर अर्ल. नव्वदी ओलांडलेले, टाय लावून येणारे. त्यांनी एका फोटोत आपला सख्खा भाऊ ओळखला होता आणि दुसरा साक्षीदार नाही म्हणून बाईंनी त्याचं नाव लिहिलं नव्हतं. "माझा भाऊ मला कळत नाही?" असं ते दर शनिवारी विचारायचे. बाई म्हणायच्या, "कळत असेल. मला कळत नाही." त्यावर ते रागानं तिसरं बिस्किट घ्यायचे.

हे सगळं तेव्हा मला गमतीचं वाटायचं.

फेब्रुवारीत एक मध्यमवयीन माणूस बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. त्याची मावशी क्लारा वारली होती. क्लारा तरुणपणी वस्ती सोडून टोरोंटोत घरकामाला आली होती आणि वस्तीतून आलेली पत्रं तिनं जन्मभर या डब्यात ठेवली. भाचा म्हणाला, "फेकणारच होतो, पण फोटो दिसले." बाईंनी झाकण बोटभर उचललं, वरचं पत्र न हलवता त्याची सही वाचली आणि झाकण लावलं. त्यांचा हात झाकणावरच राहिला.

"आयडा," त्या म्हणाल्या. "माझी आई."

बाई सहा महिन्यांच्या असताना आई गेली होती. आत्यानं वाढवलं. घर पाडलं तेव्हा ट्रंक हरवली, त्यात आईचा एकुलता एक फोटो होता, आत्यानं कधीच बाहेर न काढलेला. म्हणजे ही बाई, जिच्या कपाटांत चारशे लोकांचे चेहरे नावानिशी होते, तिनं स्वतःच्या आईचा चेहरा कधी पाहिलेला नव्हता.

"मग बघा ना!" मी म्हटलं.

"चेहरा बघितला की मन साक्ष द्यायला लागतं. मनाची साक्ष मी घेत नाही. आल्यावर नीट उघडू." त्याच संध्याकाळी त्यांना एका अंत्यविधीसाठी नोव्हा स्कोशियाला जायचं होतं. चार दिवसांसाठी किल्ली माझ्याकडे देऊन त्या गेल्या.

डब्याला हात लावू नकोस असं त्या म्हणाल्या नव्हत्या. हे मी नंतर स्वतःला शंभर वेळा सांगितलं.

माझे बाबा तालुक्याच्या कोर्टात रेकॉर्ड सांभाळायचे. लाल कापडाचे बस्ते, वर्षवार लावलेले. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचे आणि कागद तारखेप्रमाणे लावून द्यायचे. माझ्या हातांना ते वळणच आहे, पसारा दिसला की शिवशिवतात. मी डबा उघडला. सात पत्रं, सात फोटो, एकात एक खोचलेले, काहींना गंजलेल्या क्लिपा. मी सगळं सुटं केलं. क्लिपा कचऱ्यात टाकल्या. पत्रं तारखेनं लावून एका पाकिटात, फोटो आकाराप्रमाणे दुसऱ्या पाकिटात. दोन्हींवर सुवाच्य अक्षरात लेबलं लावली. फोटोंमागे एकही नाव नव्हतं, त्याची मला जरा चीडच आली. बाई आल्यावर खूश होतील, रेफरन्समध्ये ‘अत्यंत पद्धतशीर’ असं लिहितील, इथपर्यंत माझं स्वप्न गेलं होतं.

बाई परत आल्या, कोट काढला, हात धुतले आणि चौकटीत गेल्या. मी अभिमानानं पाकिटं पुढे केली. त्यांनी एक उघडलं, मग दुसरं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "कुठला फोटो कुठल्या पत्राबरोबर होता?"

मला प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा मी दोन्ही पाकिटं परत माझ्याकडे ओढली.

आयडाच्या पत्रात लिहिलेलं होतं, मुलगी झाली, डोळे उघडे ठेवून झोपते, सोबत माझा फोटो पाठवते आहे. क्लारानं तो फोटो त्या पत्रालाच लावून ठेवला असणार. सातांपैकी तीन फोटो तरुण बायकांचे होते. त्यांतली आयडा कोण, हे जगात फक्त त्या डब्याला माहीत होतं आणि तो डबा मी विसकटला होता. विसकटला म्हणजे आवरला.

"नावं का लिहिली नाहीत तिनं?" मी उलट फणकारले. घाबरले की मी उलटून बोलते.

"आपल्या माणसाच्या पाठीवर नाव कोण लिहितं? तिला माहीत होते ते सगळे. म्हणून तर शेजारी शेजारी ठेवले." बाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "सोडण्याआधी बघायचं, कसं बांधलंय. एवढंच काम असतं आपलं. घरी जा."

"मला हे कुणी शिकवलं होतं का? फुकट काम करते मी इथे!"

"घरी जा," त्या पुन्हा म्हणाल्या आणि दाराकडे गेल्या. दार उघडून धरलं, बसमधून उतरावं तशी मी बाहेर पडेपर्यंत.

तीन आठवडे मी रागानं धुमसत होते. खरं सांगायचं तर तो राग नव्हता, लाज होती. नवऱ्याला सांगितलं, "म्हातारी चक्रम आहे." बाबांना व्हिडिओ कॉलवर सगळं रंगवून सांगितलं, माझी बाजू घेतील म्हणून.

"तू लावायचीस ते सुटे कागद असायचे," ते म्हणाले. "बांधलेला बस्ता मी तुला कधी सोडू दिला होता का? गाठ सोडायच्या आधी मी काय करायचो, आठव बरं."

आठवलं. बाबा आधी बस्ता चारी बाजूंनी फिरवून बघायचे, मग पाटीवर खडूनं कायतरी लिहायचे. मला वाटायचं, वेळ काढतायत.

मार्चच्या शेवटी बाईंचा फोन आला. "शनिवारी ये. साक्षीदार म्हणून."

"मी?"

"डबा बांधलेला असताना आतून बघितलेली तू एकटीच आहेस. आणि आता आपलं भांडण आहे. तेव्हा तुझी साक्ष चालेल."

त्या शनिवारी खोलीत बाकी कुणी नव्हतं. मिस्टर अर्ल पुढे सलूनमध्ये बसले होते, कारण एका साक्षीदारानं दुसऱ्याचं ऐकायचं नसतं. टेबलावर तीन फोटो आणि आयडाचं पत्र मांडलेलं. बाई टेबलाकडे पाठ करून खिडकीशी उभ्या होत्या. अजूनही त्यांनी एकाही फोटोचा चेहरा पाहिला नव्हता. पाकिटातून काढतानासुद्धा पालथेच काढले होते आणि उलटे करून तरुण बायकांचे तीन वेगळे काढायला मला सांगितलं होतं.

"आयडाच्या पत्राबरोबर कुठला होता? सावकाश सांग."

मी तिन्ही फोटो बघितले. डावीकडची कुंपणाला टेकून हसत होती. उजवीकडची खुर्चीत ताठ बसलेली, जराशी रागीट. मधलीचं कपाळ थेट बाईंचं होतं. तेच रुंद कपाळ, तीच भुवई. मला पक्कं वाटलं, हीच. आणि मग लगेच वाटलं, हो, डबा उघडला तेव्हा हीच वर होती. होती का? मी डोळे मिटले. डोळ्यांपुढे फक्त माझी सुवाच्य लेबलं आली.

एक शब्द बोलायचा होता. मधली. बाईंना आई मिळाली असती, मला माफी मिळाली असती, आणि कपाळ बघून मिस्टर अर्लही तेच म्हणतील, म्हणजे खोटं पकडायला कुणी नव्हतं. बाईंचे खांदे जाकिटात ताठ झाले होते. पंचाहत्तर वर्षं थांबलेल्या माणसाला अजून थांबवायचं, हे मला त्या क्षणी पाप वाटलं. खोटं बोलण्यापेक्षा मोठं पाप.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

बाई वळल्या नाहीत. "नक्की?"

"नक्की. मी बघितलंच नव्हतं, बाई. नुसतं सोडलं." आणि मग मला रडू कोसळलं. चौकटीच्या आत रडायला बंदी असणारच, म्हणून मी पत्र तेवढं हातात घेऊन मागे सरले आणि ट्यूबलाइटखाली उभी राहून उगाच त्याच्याकडे बघत बसले.

तेव्हा तो डाग दिसला. पत्राच्या मागे, वरच्या कोपऱ्यात, तांबूस, लांबट. क्लिपेच्या गंजाचा. क्लिप सरळ लावलेली नव्हती, तिरकी होती, घाईत लावल्यासारखी. बाबांच्या बस्त्यातल्या कागदांवर टाचण्यांचे असे डाग असायचे आणि त्यावरून ते सांगायचे, हा कागद त्या कागदाचा. हात धुऊन मी चौकटीत गेले. तिन्ही फोटो कडेनं धरून उजेडात तिरके केले. कपाळवालीच्या पांढऱ्या किनारीवर डाग नव्हताच. हसणारीच्या किनारीवर होता, पण मधोमध आणि सरळ उभा. रागीट बाईच्या कोपऱ्यात तो तांबूस तिरका डाग होता. मी तो फोटो पत्रावर ठेवला. कोपऱ्याला कोपरा, तिरक्याला तिरका, बरोबर जुळला.

म्हणजे मी खोटं बोलले असते आणि मिस्टर अर्लही कपाळाला फसले असते, तर बाईंच्या हातात परकी बाई दिली असती. आणि ती त्यांनी उरलेला जन्म आई म्हणून जपली असती.

"बाई, गंज," एवढंच मला बोलता आलं.

त्यांनी पाठमोऱ्यानंच हात वर केला. "पुढे बोलू नकोस. फोटो पुन्हा सरळ रांगेत ठेव. अर्लला बोलाव."

मिस्टर अर्ल काठी टेकत आले. मी तोंड घट्ट मिटून भिंतीशी उभी. त्यांनी भिंग काढलं, पहिला फोटो बघितला, मग मधला. मधल्यावर ते फार वेळ थांबले. मग भिंग तिसऱ्यावर आलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"ही आयडा," ते म्हणाले. "आणि अंगात आहे तो माझ्या बहिणीचा ड्रेस. फोटो काढायला म्हणून घेऊन गेली, अजून परत केलेला नाही."

"मधली कोण?" मी न राहवून विचारलं.

"ती या हिची आत्या. वाढवलं ती नव्हे, लवकर गेलेली दुसरी. कपाळ दिसत नाही का?" मग बाईंच्या पाठीकडे बघून, "आता माझ्या भावाचं काय?"

"दुसरा साक्षीदार आण," बाई म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता.

मी तिन्ही फोटो पालथे केले, मगच त्या टेबलाशी आल्या. पेन्सिलीला टोक करता करता विचारलं, "आणि गंज कुठल्यावर?" "तिसऱ्यावरच," मी म्हटलं. फोटो पालथाच हातात दिला मी. त्यांनी मागे नाव लिहिलं, एकेक अक्षर वेगळं, बसच्या पाटीवर असतं तसं. नोंदवहीत पहिल्या साक्षीदाराचं नाव लिहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझं पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट."

मी सांगितलं, एकेक अक्षर फोड करून.

पेन्सिल कागदावर टेकवून त्या थांबल्या. "आपलं भांडण मिटलेलं नाही ना?"

मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. "नाही," मी म्हटलं.

"गुड." त्यांनी माझं नाव लिहिलं. मग पेन्सिल ठेवली आणि म्हणाल्या, "बिहाइंड द लाइन, प्लीज. दोघंही."

मी आणि मिस्टर अर्ल लाल टेपच्या मागे सरलो. बाईंनी फोटो उलटा केला. किती वेळ बघत होत्या, सांगता येणार नाही. पुढे सलूनमध्ये कुणीतरी हसत होतं. मिस्टर अर्लनी टोपी काढून छातीशी धरली होती.

उरलेल्या सहा फोटोंपैकी चारांना आम्ही डागांवरून पत्रं जुळवून दिली. दोन अजून बिननावाचे आहेत, कपाळवाल्या आत्याचा धरून, कारण तिला साक्षीदार एकच, आणि तो दोष माझा आहे. रेफरन्स मिळाला. त्यात बाईंनी एकच ओळ लिहिली होती, ‘ही बाई माहीत नसेल तर माहीत नाही म्हणते.’ त्या ओळीवर मला कॅल्गरीत एका ऑइल कंपनीच्या रेकॉर्ड विभागात नोकरी लागली.

कॅल्गरीला आल्यावर दर वर्षी मार्चच्या शेवटी, सकाळी दहाच्या ठोक्याला, बाईंचा फोन यायचा. तेव्हा माझ्याकडे आठच वाजलेले असायचे. हाय नाही, हॅलो नाही. "अजून रागावलेली आहेस?"

"हो, बाई."

"गुड." आणि फोन बंद.

या वर्षी फोन आला नाही. जानेवारीतच त्या गेल्या होत्या, मला एप्रिलमध्ये कळलं. संग्रह आता सलूनवालीची मुलगी बघते. तिचा ईमेल आला. जुन्या नोंदी तपासतेय, आयडाच्या फोटोला दुसऱ्या साक्षीदार म्हणून तुमचं नाव आहे, तर नोंद करणाऱ्या व्यक्तीशी तुमचं नातं काय होतं, तेवढं कळवा.

सोबतच्या फॉर्मवर नातं या रकान्यात मी बाई लिहिलं आणि खोडलं. मैत्रीण लिहिलं, तेही खोडलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, स्क्रीन दिसत नव्हता. शेवटी लिहिलं, ‘भांडण. मिटलेलं नाही.’ आणि पाठवून दिलं.